पडद्यामागचे स्पीकर

२८ एप्रिल १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सुमारे अडीच हजार लोक जमले होते. रंगमंचावर लाकडी कपाटात बसवलेला एडिसन कंपनीचा 'डायमंड डिस्क' फोनोग्राफ होता आणि त्याच्या शेजारी ऑपेरा गाणाऱ्या मेरी रॅपोल्ड उभ्या होत्या. तबकडी फिरू लागली, त्यातून रॅपोल्डबाईंचाच आवाज येऊ लागला, आणि बाई त्याच्या जोडीने गाऊ लागल्या. मध्येच त्या थांबत, पण गाणं थांबत नसे. बाईंचे ओठ हलताहेत की मिटलेत हे पाहिल्याशिवाय गातंय कोण ते कळत नव्हतं, असं नंतर वर्तमानपत्रात छापून आलं.

एडिसनच्या कंपनीने या कार्यक्रमांना 'टोन टेस्ट' असं नाव दिलं होतं. १९१५ पासून पुढची जवळजवळ दहा वर्षं अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांत असे हजारो प्रयोग झाले. पुष्कळदा गाणं चालू असताना नाट्यगृहातले दिवे मालवत. दिवे परत लागले की रंगमंचावर फक्त यंत्र उरलेलं असे, गायिका अंधारात केव्हाच आत निघून गेलेली असे. लोक थक्क होत. ध्वनियंत्राच्या इतिहासात श्रोत्यांच्या डोळ्यांवर जाणूनबुजून पडदा टाकण्याचा हा पहिला मोठा उपक्रम म्हणायला हरकत नाही.

पण त्याला कसोटी म्हणता येणार नाही. त्या काळी ध्वनिमुद्रण कर्ण्यात गाऊन होई. त्यात खालचे आणि वरचे स्वर गळून जात आणि तबकडी फिरताना सतत खरखर होई. असा आवाज आणि जिवंत गळा यांत फरक कळू नये, हे आज पटत नाही. यातलं मर्म या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस यांनी म्हातारपणी सांगून टाकलं. आपला आवाज यंत्राच्या आवाजाइतकाच राहील अशा बेताने त्या गात असत. म्हणजे यंत्राने गळ्याची बरोबरी केली नव्हती, गळा यंत्राच्या मापाला उतरला होता. शिवाय कसोटी घेणारा विक्रेताच होता, आणि उत्तर काय यायला हवं हे श्रोत्यांना आधीच सांगितलेलं होतं.

पुढच्या पिढीतल्या हाय-फाय कारखानदारांनी हाच खेळ अधिक प्रामाणिकपणे मांडला. 'व्हार्फडेल' स्पीकरवाले गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनचं रॉयल फेस्टिव्हल हॉल भरवलं आणि तिथे जिवंत वादन आणि ध्वनिमुद्रण शेजारी शेजारी ऐकवलं. अमेरिकेत 'अकूस्टिक रिसर्च'चे एडगर व्हिल्चर यांनी फाइन आर्ट्स क्वार्टेट या तंतुवादकांच्या चमूला घेऊन तसेच कार्यक्रम केले. वादक वाजवता वाजवता गज तारांवरून उचलत आणि हवेतच फिरवत राहत, त्याच क्षणी स्पीकर सूर उचलून घेत. हे सांधे कुठे आहेत ते बहुतेकांना ओळखता येत नसे. कारागिरी म्हणून हे मला फार देखणं वाटतं. पण इथेही प्रश्न एवढाच होता की 'आमचा स्पीकर खऱ्यासारखा वाटतो की नाही'. दोन स्पीकरांपैकी बरा कोणता, आणि तसं वाटण्यात कानाचा वाटा किती आणि किमतीच्या चिठ्ठीचा किती, हे कोणी विचारत नव्हतं.

तसं विचारण्याची रीत एका प्रयोगशाळेत तयार झाली होती. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली श्रवण-चाचण्यांच्या पद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची रीत अशी की आधी एक आवाज ऐकवायचा, त्याचं नाव ए. मग दुसरा, त्याचं नाव बी. मग तिसरा, एक्स. तो या दोहोंपैकीच एक असणार. एक्स म्हणजे ए की बी, एवढंच श्रोत्याने सांगायचं. आवडनिवड नाही, विशेषणं नाहीत. फरक ऐकू आला असेल तर उत्तर बरोबर येईल, आला नसेल तर ते अंदाजपंचे असेल. टेलिफोनच्या कामासाठी निघालेली ही युक्ती घरगुती संगीतयंत्रांच्या जगात शिरायला पाव शतक लागलं.

त्या पाव शतकात ते जग पार बदललं. १९६२ साली जे. गॉर्डन होल्ट यांनी 'स्टीरिओफाइल' काढलं, १९७३ साली हॅरी पिअर्सन यांनी 'द ॲब्सोल्यूट साउंड'. दोघांचंही म्हणणं असं की यंत्राची मोजमापं काय वाटेल ते सांगोत, शेवटी ऐकून ठरवायचं. त्यात चूक काहीच नव्हती. तेव्हाची मोजमापं खरंच अपुरी होती आणि अनेक नियतकालिकं जाहिरातदार कारखान्यांचे आकडे निमूटपणे छापत. पण 'ऐकून ठरवायचं' म्हणजे नेमकं कसं, यावर मात्र फाटा फुटला. समीक्षक घरी यंत्र आणायचा, त्याचं नाव आणि किंमत त्याला ठाऊक असायची, आठवडेच्या आठवडे तो ऐकायचा आणि मग लिहायचा. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर ऊबदार आणि ट्रान्झिस्टरचा कोरडा, अमुक तारेने आवाज मोकळा झाला, तमुक तारेने मागचा पडदा काळाभोर झाला, अशी वर्णनं येऊ लागली. त्या वर्णनांवर माणसं महिन्याच्या पगाराइतके पैसे मोजू लागली.

मे १९७७ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरातल्या हौशी मंडळींनी या वर्णनांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्यांच्या क्लबचं नाव साउथईस्टर्न मिशिगन वूफर अँड ट्वीटर मार्चिंग सोसायटी. त्यातल्या आर्नी क्रूगर आणि बर्न म्युलर यांनी बेल लॅबची ती जुनी युक्ती एका पेटीत उतरवली. दोन अॅम्प्लिफायर पेटीला जोडायचे, पेटी आपल्या मनाने त्यातला एक एक्स म्हणून निवडणार आणि ते गुपित पोटात ठेवणार. श्रोत्याने हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा बटणं दाबून ए, बी आणि एक्स ऐकावेत. खोलीतल्या कोणालाच उत्तर माहीत नाही, त्यामुळे चेहऱ्यावरूनही सुगावा लागायची सोय नाही. क्लबचे डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या पद्धतीवर निबंध लिहिला, आणि पेटी विकत मिळू लागली.

पेटीपेक्षाही महत्त्वाची होती तिच्याआधीची एक तयारी. दोन्ही यंत्रांच्या आवाजाची पातळी मोजून तंतोतंत सारखी करायची, अगदी डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत. कारण आवाज किंचित वरचा असला की कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. खोली वाटते, तपशील वाटतो, जिवंतपणा वाटतो. दुकानात दोन यंत्रं लागोपाठ ऐकवताना एकाची पातळी अर्ध्या डेसिबलने वर असेल तर गिऱ्हाइकाचा कौल तिथेच ठरून जातो, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

गणित सरळ आहे. १६ वेळा ऐकलं तर नाणं उडवूनही ८ उत्तरं बरोबर यावीत. १२ बरोबर आली तर निव्वळ नशिबाने तसं घडण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी, म्हणजे माणसाने काहीतरी खरंच ऐकलं असं धरायला आधार मिळतो.

मग निकाल येऊ लागले. इंग्लंडमधल्या 'क्वाड'चे पीटर वॉकर यांचं म्हणणं होतं की नीट घडवलेल्या अॅम्प्लिफायरांत ऐकू येण्याजोगा फरक नसतो. स्वतःचे तीन पिढ्यांतले अॅम्प्लिफायर त्यांनी परीक्षेला दिले: व्हॉल्व्हचा क्वाड टू, ट्रान्झिस्टरचा ३०३, आणि तेव्हा नवा असलेला ४०५. जेम्स मॉयर यांनी घेतलेल्या या चाचणीचा वृत्तांत १९७८ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आला. जाणत्या श्रोत्यांना तिघे वेगळे ओळखता आले नाहीत. स्वतःचाच नवा माल जुन्यापेक्षा वेगळा ऐकू येत नाही, हे जगाला दाखवायला कारखानदाराची छाती लागते. १९८३ साली लॉरेन्स ग्रीनहिल यांनी 'स्टीरिओ रिव्ह्यू'साठी स्पीकरच्या तारा तपासल्या. महागडी जाड तार आणि दिव्याची साधी तार संगीत ऐकताना वेगळी ओळखता आली नाही. १९८७ साली त्याच नियतकालिकाने २५ श्रोत्यांपुढे सहा अॅम्प्लिफायर ठेवले, २१९ डॉलरच्या रिसिव्हरपासून १२ हजार डॉलरच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंत. श्रोत्यांत फरक असतो असं मानणारे होते आणि नसतो म्हणणारेही होते. दोघांचेही गुण नाणेफेकीच्या आसपासच राहिले.

ग्लासगोच्या लिन कंपनीचे आयव्हर टिफेनब्रन यांची गोष्टही याच काळातली. उत्तम रेकॉर्ड प्लेअर घडवणारा हा माणूस. साखळीत कुठेही डिजिटल यंत्र आलं की संगीत बिघडतं असं ते ठामपणे सांगत. १९८४ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक स्टॅनली लिपशिट्झ यांनी त्यांच्यासाठी चाचणी मांडली. रेकॉर्डचा आवाज कधी सरळ, तर कधी सोनीच्या डिजिटल यंत्रातून आतबाहेर फिरवून ऐकवला. टिफेनब्रन यांना ते यंत्र मध्ये कधी आहे नि कधी नाही हे सांगता आलं नाही. पण चाचणीला बसायला ते तयार झाले, हे मला मोठं वाटतं. त्यांच्या धंद्यातले बहुतेक लोक त्या खुर्चीत कधीच बसले नाहीत.

विरुद्ध बाजूची साक्षही तितक्याच आदराने ऐकायला हवी. पुढे 'स्टीरिओफाइल'चे संपादक झालेले जॉन ॲटकिन्सन १९७८ साली इंग्लंडमध्ये अशाच एका ब्लाइंड टेस्टला, म्हणजे यंत्राचं नाव झाकून घेतलेल्या चाचणीला, बसले होते. निकाल आला की अॅम्प्लिफायरांत फरक कळत नाही. ॲटकिन्सन यांनी तो मनापासून मानला, घरचा महागडा अॅम्प्लिफायर विकला आणि स्वस्तातला क्वाड ४०५ घेतला. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की संध्याकाळी संगीत लावावंसंच वाटत नाही, ऐकण्यातली गोडी गेली आहे. त्यांनी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणला आणि ती परत आली. २००५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा आणि आर्नी क्रूगर यांचा जाहीर वाद झाला, तेव्हा ॲटकिन्सन यांनी हीच हकीकत पुढे ठेवली. चाचणीतल्या दहा सेकंदांच्या तुकड्यांना जे पकडता येत नाही ते महिनोन्‌महिन्यांच्या सहवासात कळतं, असा त्यांचा मुद्दा. त्यावरचं उत्तर उघड आहे: सहवासाच्या त्या महिन्यांत यंत्राचं नाव रोज डोळ्यांसमोर होतं. पण त्या उत्तराने ॲटकिन्सन यांचा अनुभव खोटा ठरत नाही, त्याचं कारण तेवढं अनिश्चित होतं.

आणि ब्लाइंड टेस्टही चुकते, हे सांगणारी एक गोष्ट मला टाळायची नाही. १९९०च्या सुमारास युरोपात डिजिटल रेडिओची तयारी चालली होती. ध्वनीचा डेटा आटवून पाठवायचा, तर आटवल्याचं ऐकू येता कामा नये. स्वीडिश रेडिओने सुमारे ६० जाणत्या श्रोत्यांकडून २० हजारांहून अधिक तुलना करून घेतल्या, त्याही काटेकोर पद्धतीने, आणि एक पद्धत प्रसारणाला योग्य ठरवली. त्या ध्वनीच्या टेप अमेरिकेत बार्ट लोकँथी यांच्याकडे गेल्या. जेबीएल या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत अनेक वर्षं काम केलेले हे ज्येष्ठ अभियंते. त्यांना आवाजात १५०० हर्ट्झच्या आसपास एक बारीक अखंड सूर ऐकू आला. तो सांगितल्यावर इतरांनाही ऐकू येऊ लागला. ६० जणांच्या कानांखालून गेलेला दोष एका माणसाने पकडला, कारण काय ऐकायचं ते त्याला ठाऊक होतं. नकारार्थी निकालाचा अर्थ 'या श्रोत्यांना, या संगीतावर, या वेळी फरक कळला नाही' एवढाच असतो. त्याहून मोठा अर्थ काढायचा तर श्रोत्यांना आधी शिकवावं लागतं.

अॅम्प्लिफायर आणि तारांवरची ही भांडणं इतकी रंगली की ब्लाइंड टेस्ट म्हणजे कानसेनांचं पितळ उघडं पाडण्याचं हत्यार, अशीच समजूत झाली. आजही बहुतेक जण हा इतिहास त्याच सुरात सांगतात. मला हे सांगणं अर्धवट वाटतं. पडद्याने खरं काम केलं ते दुसरीकडे, कॅनडाच्या राजधानीत, आणि तिथला निकाल अगदी उलटा होता.

फ्लॉइड टूल मूळचे कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचे. आवाज कुठल्या दिशेने येतो हे माणसाला कसं कळतं, या विषयावर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डॉक्टरेट करून ते १९६५ साली ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये रुजू झाले. तिथे प्रतिध्वनी अजिबात उमटू न देणारी एक उत्तम खोली होती. टूल यांनी तिच्यात त्या काळचे नावाजलेले स्पीकर मोजले आणि आलेख पाहून चक्रावले. सपाट असायला हवी ती रेघ डोंगरदऱ्यांसारखी खालीवर होत होती. मग एवढी कीर्ती कशावर? त्यांनी काही सहकाऱ्यांना बोलावलं, स्पीकरांपुढे पडदा लावला, पातळ्या सारख्या केल्या, एका वेळी एकच स्पीकर वाजवला आणि गुण द्यायला सांगितलं. हे १९६६च्या सुमारासचं.

आवड ज्याची त्याची, असं आपण सगळेच धरून चालतो. त्या दिवशी तसं झालं नाही. पडद्यापलीकडे काय आहे ते माहीत नसताना वेगवेगळ्या माणसांनी जवळजवळ तोच क्रम लावला. आणि वर आलेले स्पीकर तेच होते, ज्यांची रेघ त्यातल्या त्यात सपाट होती.

टूल यांनी पुढची पंचवीस वर्षं या एका निरीक्षणाच्या मागे घालवली, आणि ती वर्षं मुख्यतः अडथळे दूर करण्यात गेली. पहिला अडथळा खोलीचा. स्पीकर दोन हात सरकवला तरी खालच्या सुरांचा तोल बदलतो, कारण त्या पट्ट्यात स्पीकरपेक्षा खोलीचीच सत्ता चालते. म्हणजे दोन स्पीकर शेजारी ठेवून तुलना केली की आपण स्पीकर ऐकतो की दोन जागा, हे कळत नाही. तेव्हा प्रत्येक स्पीकर प्रत्येक जागी ऐकवणं आलं. दुसरा अडथळा स्टीरिओचा. दोन्ही बाजूंनी आवाज आला की त्या विस्ताराने मन इतकं सुखावतं की स्पीकरचे दोष झाकले जातात. एकच स्पीकर वाजवला तर तेच दोष उघडे पडतात, म्हणून चाचण्या मोनोमध्ये.

तिसरा अडथळा खुद्द श्रोता. काही जणांचे गुण फेरी बदलली की बदलत. त्यांत ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात मुरलेली माणसंही होती, हे नवल. टूल यांनी सगळ्यांचे कान तपासून घेतले. ज्यांची श्रवणशक्ती कमी झाली होती, तीही रोजच्या बोलण्यात जाणवणार नाही इतकीच, त्यांचे निर्णय सुसंगत राहत नव्हते. कान ठीक असलेली साधी माणसं मात्र एकमेकांशी जुळत होती. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केल्याने कान गमावलेला तज्ज्ञ आत्मविश्वासाने बोलतो, पण त्याचं आजचं मत उद्याच्या मताशी जुळत नाही. साठीच्या आसपास टूल यांच्या स्वतःच्या निर्णयांत तीच अस्थिरता दिसू लागली, तेव्हा त्यांनी श्रोत्याची खुर्ची सोडली.

आता मोजमापांकडे. स्पीकर फक्त समोर आवाज फेकत नाही. बाजूला, वर, मागेही फेकतो. तो आवाज भिंतींवर, छतावर आपटून थोड्या उशिराने कानांवर येतो आणि कान ते सगळं मिळून एक ठसा घेतो. समोरचा आवाज स्वच्छ पण बाजूचा वेडावाकडा असेल, तर खोलीत तो स्पीकर चांगला वाटत नाही. टूल यांनी स्पीकर सर्व बाजूंनी मोजले आणि पडद्यामागे मिळालेल्या गुणांशी ताडून पाहिले. १९८५ आणि १९८६ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधांतून निघालं ते असं: सर्व दिशांचे आलेख एकत्र वाचले तर कोणता स्पीकर लोकांना आवडेल हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येतं. इतकी वर्षं 'मोजमापं निरुपयोगी' असं जे ऐकू येत होतं, त्याचं कारण मोजमापं एकाच दिशेने घेतली जात होती.

कौन्सिल सरकारी. तिची खोली आणि पडदा देशातल्या कारखानदारांना वापरायला मिळाला. 'ऑडिओसीन कॅनडा' या नियतकालिकाची परीक्षणं टूल यांच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवर उभी राहिली. त्याचे संपादक इअन मास्टर्स, ज्यांनी पुढे 'स्टीरिओ रिव्ह्यू'मधली ती सहा अॅम्प्लिफायरांची चाचणी लिहिली. 'पीएसबी' या स्पीकर कंपनीचे पॉल बार्टन १९७०च्या दशकापासून आपले नमुने घेऊन ओटावाला येऊ लागले. पॅराडाइम, मिराज, एनर्जी ही नावंही तिथलीच. लहान देशातल्या लहान कारखान्यांचे परवडणारे स्पीकर जगभर नाव काढू लागले, त्यामागे ही सार्वजनिक खोली होती. हा भाग सहसा कोणी सांगत नाही. ब्लाइंड टेस्टने कुणाचा पाणउतारा केला याच्या गोष्टी घरोघरी, आणि तिने कमी पैशांत चांगला आवाज घरात आणला ही गोष्ट मात्र अंधारात.

१९९१ साली टूल कॅलिफोर्नियात हार्मन कंपनीत गेले. ओटावातले त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्हही मागोमाग गेले. जेबीएल, इन्फिनिटी ही नावं याच कंपनीची. तिथल्या अभियंत्यांना आणि विक्रीच्या लोकांना पडद्याची गरज पटेना. आम्ही इतकी वर्षं हेच काम करतो आहोत, नाव पाहून फसणारे आम्ही नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. मग ऑलिव्ह आणि टूल यांनी प्रयोगच केला, आणि १९९४ साली तो प्रसिद्ध केला.

चार स्पीकर होते. तीन मोठे, महाग, देखणे. चौथा म्हणजे छोट्या डब्यांचा, स्वस्तातला प्लास्टिकचा संच. श्रोते ४०, सगळे कंपनीतलेच. एकदा पडदा लावून, एकदा पडदा काढून. पडदा असताना त्या छोट्या संचाने मोठ्यांच्या बरोबरीने गुण मिळवले. पडदा काढला आणि तो धाडकन तळाला गेला. मोठ्यांचे गुण चढले.

इथवर अपेक्षित होतं. पण त्याच कागदांत आणखी एक गोष्ट होती, आणि मला तीच जास्त अस्वस्थ करते. पडदा असताना श्रोत्यांना स्पीकरची जागा बदलल्याचा परिणाम स्पष्ट ऐकू येत होता. गाणं बदललं की गुण बदलत. पडदा काढल्यावर हे जवळजवळ थांबलं. स्पीकर कुठेही ठेवा, काहीही वाजवा, गुण तेच. डोळ्यांनी निकाल एकदा लावला की कान समोर घडणारा बदलही नोंदवत नव्हते. आणि ही माणसं अननुभवी नव्हती.

पुढे हार्मनने नॉर्थरिजला एक खास खोली बांधली. काळ्या, आवाज आरपार जाऊ देणाऱ्या पडद्यामागे दाबलेल्या हवेवर चालणारं यंत्र असतं. ते सुमारे तीन सेकंदांत एक स्पीकर मागे घेतं आणि दुसरा नेमक्या त्याच जागी आणून ठेवतं. ओटावात जागा बदलून बदलून जे साधावं लागे, ते यंत्राने होऊ लागलं. कसोटी घेणारा इथेही विक्रेताच होता, एडिसनसारखा. फरक असा की पद्धत छापलेली होती आणि कोणालाही ती पडताळून पाहता येत होती. २००३ साली ऑलिव्ह यांनी २६८ श्रोत्यांचे निकाल छापले. त्यात प्रशिक्षित श्रोते होते, दुकानदार, समीक्षक, विद्यार्थी होते. शिकवलेले श्रोते हात आखडून गुण देत आणि त्यांचे निर्णय अधिक पक्के असत, पण पसंतीचा क्रम सगळ्यांचा सारखाच. पुढच्याच वर्षी त्यांनी ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून पसंतीचं भाकीत करणारं सूत्र मांडलं. भाकीत आणि श्रोत्यांचे प्रत्यक्ष गुण यांचा सहसंबंध ०.८६ भरला. सर्व दिशांनी स्पीकर मोजण्याची ही रीत २०१३ साली अमेरिकेत उद्योगाचं मानक झाली.

अॅम्प्लिफायरांच्या आणि डिजिटलच्या वादाचं काय झालं? २००७ साली बोस्टनच्या मेयर आणि मोरन यांनी उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज साध्या सीडीच्या दर्जातून फिरवून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. २०१६ साली लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचे साडेबारा हजारांहून अधिक निर्णय एकत्र केले, तर ५२.३ टक्के बरोबर निघाले, आणि शिकवलेल्या श्रोत्यांत त्याहून जास्त. म्हणजे फरक असलाच तर केसाएवढा. ज्या गॉर्डन होल्ट यांनी 'ऐकून ठरवा' हा पंथ सुरू केला, त्यांनीच २००७ साली आपल्या क्षेत्राला बोल लावला: प्रामाणिकपणाची ही साधी परीक्षा नाकारून हाय-फायने आपली विश्वासार्हता गमावली. दोन वर्षांनी ते वारले.

स्पीकरची जागा आता अनेक घरांत हेडफोनने घेतली आहे, आणि तिथे पडदा लावायची पंचाईत. हेडफोनचं वजन, चामड्याचा स्पर्श, कानाभोवतीचा दाब डोक्यालाच कळतो. ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी सुरुवातीला माणसाच्या मागे उभं राहून त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि त्याला हात लावता येऊ नये म्हणून प्लास्टिकच्या मुठी बसवल्या. नंतर त्यांनी एकाच हेडफोनमधून इतरांचा आवाज हुबेहूब काढण्याची वाट धरली, म्हणजे डोक्यावरचं ओझं बदलत नाही, आवाज तेवढा बदलतो. इथेही वेगवेगळ्या लोकांची पसंती एका ठरावीक आलेखाभोवती जमू लागली. बाजारात मात्र त्याचा मागमूस दिसत नव्हता. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांचे आलेख त्यांच्या किमतींशी ताडून पाहिले, तर दोहोंत काहीच संबंध निघाला नाही.